इंग्रज गव्हर्नरची यॉट पळवणाऱ्या कान्होजी आंग्रेंची ताकद नेमकी कशात होती? गुराबात की गलबतात?

आज बेलापूरच्या जेट्टीवरून बोट सुटली, तर फारसं कोणी मागं वळून बघणार नाही. पण ३०० वर्षांपूर्वी याच खाडीतून बोट बाहेर काढायची म्हणजे जिवाचा खेळ होता. बेलापूरच्या किल्ल्यावर पोर्तुगीज, समोर मुंबईत इंग्रज, दक्षिणेला जंजिऱ्यात आणि उंदेरीवर सिद्दी. आणि या सगळ्यांच्या नाकासमोर खांदेरी आणि कुलाब्यावर एकच माणूस उभा होता.

सरखेल कान्होजी आंग्रे.

आंग्रेंचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचं नाव पुढं आलं ते सुवर्णदुर्गावर. छत्रपती संभाजी महाराजांनंतर कोकण किनाऱ्यावर मराठ्यांची पकड ढिली होत होती. अशा काळात त्यांनी एकेक किल्ला राखला आणि मराठी आरमाराचे सरखेल झाले.

पण मुद्दा हा, की समोर इंग्रजांची मोठी जहाजं, दोन्ही अंगांना तोफांच्या रांगा, आणि कान्होजींकडं मात्र त्या मानानं लहान बोटी. मग जमलं कसं?

याचं उत्तर त्यांच्या दोन बोटींत आहे.

पहिली गुराब.

या नावाचं मूळ अरबी भाषेत आहे, अर्थ कावळा. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. पुढचं टोक चोचीसारखं लांब आणि खाली झुकलेलं. त्या चोचीवरून समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा, बाजूंना त्याहून लहान तोफा. थोडक्यात, गुराब म्हणजे तरंगता बुरूज.

तिची अडचणही तिथंच होती. समोरून लाटा आल्या की गुराब जोरात हेलकावे खायची. म्हणून चोचीवर कठडाच ठेवत नसत, आलेलं पाणी सरळ निघून जायचं. आणि वारा पडला की ही भारी बोट जागच्या जागी उभी.

दुसरं गलबत.

हे सहसा ७० टनांच्या आतलं. मुख्य डोलकाठीवर एक भलंमोठं तिकोनी शीड आणि ४०-५० वल्ही. लहान गलबतांवर फाळलेल्या बांबूंचा हलका तक्ता आणि फिरत्या छोट्या तोफा, मोठ्यांवर सहा-आठ लहान तोफा. वारा असो नसो, वल्ही मारून तासाला चारेक मैल जाणार. उथळ खाडीत शिरणार, जिथं मोठं जहाज गाळात रुतलं असतं.

पण गलबत एकटं तोफांसमोर टिकणारं नव्हतं. राहायच्या दृष्टीनं तर विचारूच नका. डोक्यावर छप्पर नाही, माणसं दाटीवाटीनं बसलेली. रोज किनारा गाठता आला तरच हे जमायचं. म्हणून तर किनाऱ्यावरचे किल्ले आणि खाड्या म्हणजेच या आरमाराचं घर होतं. पावसाळ्यात दर्या खवळला की बोटी किनाऱ्यावर ओढायच्या आणि डागडुजी करायची.

कान्होजींनी या दोन बोटींची जोडी लावली. वारा पडला की गलबतं दोर बांधून गुराबांना ओढत न्यायची. मग गुराबा शत्रूच्या जहाजाच्या मागच्या बाजूला जमायच्या, कारण मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा बाजूंना असायच्या. मागून मारा करून आधी डोलकाठ्या पाडायच्या. जहाज लंगडं झालं की गलबतं चारी बाजूंनी भिडायची आणि शेकडो माणसं तलवारी घेऊन वर चढायची.

१७१२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गव्हर्नरची, विल्यम एसलाबीची यॉट कारवारहून येत होती. कान्होजींच्या आरमारानं ती धरली. लढाईत कंपनीचा कारवारचा प्रमुख मारला गेला आणि त्याची बायको कैद झाली. ३० हजार रुपये मोजल्यावर १७१३ मध्ये तिची सुटका झाली.

त्याच वर्षी शाहू महाराजांनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवलं. कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं! शेवटी बाळाजी विश्वनाथ यांनी बोलणी करून त्यांना शाहूंच्या बाजूला वळवलं.

इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे. पण कान्होजी करत काय होते? आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना ते दस्तक द्यायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. दस्तक नसेल तर जहाज जप्त. पोर्तुगीज कित्येक वर्षं परवान्यांच्या नावाखाली हेच करत होते. भांडण लुटीचं नव्हतं, दर्यावर हुकूम कुणाचा चालणार याचं होतं.

नवा गव्हर्नर चार्ल्स बून यानं विजयदुर्गावर, मग खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर हल्ले केले. सगळे फसले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सुमारे ६ हजार माणसं घेऊन कुलाब्यावर आले. मदतीला बाजीराव पेशवे पोहोचले आणि ही मोहीमही फसली. पुढच्याच जानेवारीत पोर्तुगिजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतलं.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. तोपर्यंत त्यांना समुद्रावर कोणी नमवू शकलं नव्हतं.

त्यानंतर मुलांमध्ये भाऊबंदकी सुरू झाली. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेकडं, आरमार वाटलं गेलं. पुढं तुळाजी आणि पेशव्यांचं बिनसलं. १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. दाटीनं उभं असलेलं आंग्रेंचं आरमार तिथंच जळून खाक झालं.

गुराबा त्याच होत्या आणि गलबतंही तीच. पण कान्होजींची युक्ती एकमेकांना ओढून नेण्यावर उभी होती. बोटींमधली ती जोडी पुढच्या पिढीत माणसांना जमली नाही.

आज मुंबईत नौदलाचा तळ आयएनएस आंग्रे या नावानं ओळखला जातो. खांदेरीचं दीपगृहही कान्होजींच्याच नावानं आहे. ज्या माणसाला मुंबईतले इंग्रज चाचा म्हणायचे, त्याच्याच नावाचा दिवा आता मुंबईला येणाऱ्या जहाजांना वाट दाखवतो.