टिळकांची शेवटची शाळा

आषाढात सासवडहून निघालेली सोपानकाकांची पालखी आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकला मुक्कामाला असते. त्या रात्री कोणाच्या घरी किती वारकरी जेवले याचा हिशेब गावात कोणी ठेवत नाही. आमचे आजोबा मात्र एक हिशेब ठेवतात. यंदा टाळकऱ्यांत नवी पोरे किती आली, ते ते मोजतात. तरुणपणी त्यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली, माधुकरी मागून पाठ केले. त्यामुळे कीर्तनकार कितीही रंगला, तरी त्याच्यामागे कोण तयार झाले आहे, हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो.

वार्षिक अंकासाठी चरित्रलेख लिहायचा म्हणून मी रेव्हरंड नारायण वामन टिळक निवडले आणि ते आजोबांना सांगितले. ख्रिस्ती कवी म्हटल्यावर ते काही बोलतील असे मला वाटले होते. ते तसे काही बोलले नाहीत. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला : त्यांनी माणसे किती तयार केली? मला उत्तर देता आले नाही. टिळक म्हणजे फुलामुलांचे कवी आणि शिकाऱ्याच्या हातून मरणाऱ्या पक्षिणीची कविता लिहिणारे, एवढेच मला शाळेपासून ठाऊक होते. त्यांनी वीसेक वर्षे ख्रिस्ती तरुणांना धर्मप्रचारासाठी शिकवले, हे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचीपर्यंत माझ्या गावीही नव्हते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लहानपणी आई गेली आणि घर कायमचे विस्कटले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृतचे अध्ययन झाले. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झाले. त्याच पुढे लक्ष्मीबाई. नोकरी मात्र एकही टिकली नाही. शिक्षकी, कीर्तन, छापखाना, जे मिळेल ते केले आणि सोडून दिले. राग नाकावर आणि पैसा हातात न राहणारा. आजच्या भाषेत त्यांना बेजबाबदार म्हणावे लागेल, आणि लक्ष्मीबाईंनी जवळजवळ तसेच म्हटले आहे. फक्त इतक्या हसत की वाचणाऱ्याला रागावणे जमत नाही.

नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांचे संस्कृत ग्रंथांचे काम चालले होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपीय गृहस्थ भेटला. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. उतरण्यापूर्वी त्याने बायबलातील नवा करार हाती ठेवला. टिळकांनी तो केवळ शब्द दिला म्हणून वाचायला घेतला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले. दोन वर्षे मनात घालमेल चालली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत कोणी दिली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. लक्ष्मीबाईंना नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. लहान मुलाला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपुरातही होत्या. काही वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे आल्या, त्याही स्वयंपाकपाणी वेगळे ठेवून. सोवळे कसे सुटत गेले ते त्यांनी स्वतःच लिहिले आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. टिळक मोठे खरे, पण त्या पाच वर्षांचा जाब त्यांच्याकडे मागावासा वाटतो. दुसऱ्यांना शिष्य करायला निघालेल्या माणसाने घरच्या माणसाला आधी विचारले नव्हते.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आले. अमेरिकन मराठी मिशनचे तेथील काम १८३१ पासूनचे. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या देखरेखीखाली तेथे धर्मशिक्षणाची पाठशाळा चाले. गावोगावी प्रवचन करणारे, शाळा चालविणारे, आजाऱ्यांपाशी बसणारे तरुण तेथून तयार व्हायचे. त्यांतले पुष्कळ नगर जिल्ह्यातल्या महार, मांग घरांतले. टिळक चित्पावन ब्राह्मण, संस्कृतात मुरलेले. ज्या मुलांची सावली त्यांच्या आजोळी चालली नसती, त्यांना ते शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळून ते रेव्हरंड झाले.

शिकवता शिकवता त्यांना काय खुपू लागले, ते त्यांच्या कवितेवरूनच कळते. उपासनेत जी गीते म्हटली जात त्यांतली बरीचशी इंग्रजीवरून उतरवलेली, चालीही तिकडच्याच. खेड्यातला माणूस ती ऐके आणि साहेबाचा देव म्हणून दूर राही. टिळकांनी अभंग, ओवी, पद हाती घेतले. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. कीर्तनाची वाट नगरला कृष्णराव सांगळे यांनी १८६० नंतरच्या वर्षांतच पाडली होती; टिळक त्याच वाटेने टाळ-मृदंगासह उभे राहिले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. हे मी आजोबांना सांगितले तेव्हा ते इतकेच म्हणाले, की पुलावर थांबले असते तरी चालले असते.

पाठशाळेतल्या शिकवण्यापेक्षा मला त्यांच्या घरातले शिकवणे मोठे वाटते. त्या घरात अनाथ मुले वाढली, दुष्काळाने आणि प्लेगने उघडी पडलेली माणसे येऊन राहिली. टिळक कोणालाही घेऊन यायचे आणि चूल लक्ष्मीबाईंनी सांभाळायची. खानदेशातून आलेला एक मुलगा त्या घरात मुलासारखा राहिला. तो त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. टिळकांनी त्याला ख्रिस्ती केले नाही. त्याची कविता तेवढी जपली. खुद्द लक्ष्मीबाईंना लग्नानंतर अक्षरओळख करून देणारेही टिळकच. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले.

ही दोन नावे मी मोठ्या आशेने आजोबांपुढे ठेवली. बायको आणि पाहुणा यांना शिष्य म्हणत नाहीत, असे म्हणून त्यांनी ती बाजूला सारली.

तेव्हा मला १९१७ सालाकडे जावे लागले. टिळकांचे वय त्या वेळी पंचावन्न. नाव झालेले, 'ज्ञानोदय' पत्राचा मराठी भाग १९१२ पासून त्यांच्या हाती. अशा वेळी त्यांनी मिशनची नोकरी सोडली. भांडण होऊन सोडली असे नाही. वीस वर्षे तरुण तयार करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. पाठशाळेतून बाहेर पडलेला मुलगा पगारावर लागतो, आणि पगार परदेशातल्या पैशातून येतो. मग तो कितीही मनापासून बोलला, तरी ऐकणारा त्याला मिशनचा नोकर समजतो. पुढे पुढे तोही स्वतःला तसेच समजू लागतो. टिळकांना नोकर नको होते, शिष्य हवे होते. आपण स्वतः पगार घेतो तोवर हे दुसऱ्याला सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही, हा त्याचा सरळ अर्थ होता, आणि तो त्यांनी टाळला नाही.

ते साताऱ्याला गेले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. पद्धत आश्रमाची, राहणी साधी. सगळ्यांत धाडसाची गोष्ट म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. म्हणजे मंदिर सोडून चर्चमध्ये ये, जात सोड, घर सोड, ही अट त्यांनी दारावरून काढून टाकली. ज्या अटीपायी त्यांच्या स्वतःच्या घराची पाच वर्षे गेली होती, तीच ही अट. हा संबंध त्यांनी कोठे लिहून ठेवला आहे का, हे मी पाहिलेले नाही. पण मला तो दिसल्यावाचून राहत नाही. ही मोकळीक ख्रिस्ती मंडळींत सगळ्यांनाच मानवणारी नव्हती, हेही उघड आहे.

दरबार फार दिवस चालला नाही. मे १९१८ मध्ये बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. साधारण वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकांनी मुंबईत देह ठेवला. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली आणि प्रवर्तक गेल्यावर तो उभा राहू शकला नाही.

येथे आजोबांची बाजू मला मान्य करावी लागते. ज्या १९१७ साली टिळक साताऱ्याला गेले, त्याच साली आळंदीला विष्णुबुवा जोगांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. जोग महाराजही १९२० मध्ये गेले, म्हणजे त्यांनाही फारशी वर्षे मिळाली नाहीत. पण त्यांची संस्था शंभरी ओलांडून चालू आहे आणि गावोगावचे कीर्तनकार तेथून येतात. आमच्या ओसरीवरच एक बसलेला आहे. जोगांच्या मागे वारी होती, माधुकरी वाढणारी घरे होती, ऐकायला बसणारे गाव होते. टिळकांनी मिशनचा आधार स्वतः सोडला, आणि ज्या गावांनी त्यांच्या मुलांना भाकरी वाढायची ती गावे अजून त्यांची झाली नव्हती. दोघांच्या योग्यतेत कमीजास्त ठरवण्याचा माझा अधिकार नाही. भाकरीचा प्रश्न मात्र खरा आहे.

तरी सगळे वाया गेले असे म्हणता येत नाही. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने टिळकांचे काम पाहून १९२२ मध्ये नगर येथे ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. संघात देशी आणि विलायती तरुणांनी एकत्र, सारख्या साधेपणाने राहावे असा नेम होता. पुढे संघ पुण्यास शिवाजीनगरात आला. १९२७ मध्ये त्यात व्हेरियर एल्विन नावाचा ऑक्सफर्डचा तरुण धर्मसेवेसाठी दाखल झाला. तो गांधीजींकडे ओढला गेला, मग मध्य प्रांतातील गोंडांमध्ये जाऊन राहिला आणि शेवटी धर्मप्रचार सोडून आदिवासींचाच अभ्यासक झाला. टिळकांच्या दरबाराशी दुरून नाते सांगणारा हा माणूस असा तिसरीकडेच निघाला. टिळकांना याचे दुःख झाले असते की आनंद, मला ठरवता येत नाही. ज्याने बालकवीला आहे तसा राहू दिला, तो फार रागावला नसता असे वाटते. पण टिळकांच्या रागाचा नेम कोणी सांगावा!

पालखीच्या रात्री कीर्तन संपल्यावर मी आजोबांना 'अभंगांजली'तले काही अभंग वाचून दाखवले. कवीचे नाव मुद्दाम सांगितले नाही. डोळे मिटून ते मांडीवर ठेका धरीत होते. शेवटच्या चरणात दास अशी मुद्रा आली तेव्हा डोळे उघडून हा दास कोणता, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग एका जागी यती चुकली आहे असे म्हणाले, पुन्हा वाचायला लावले, आणि चूक कवीची नसून माझ्या वाचण्याची होती असे ठरले.

दुसऱ्या दिवशी पालखी बारामतीच्या वाटेला लागल्यावर त्यांनी मला त्यांतले दोन अभंग मोठ्या अक्षरांत लिहून मागितले. हल्ली त्यांना बारीक दिसत नाही. तो कागद त्यांच्या वहीत आहे. कीर्तनात त्यांनी ते अजून घेतलेले नाहीत, आणि मीही विचारलेले नाही.