राजमाता प्रभावतीगुप्ता

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी पवनार लागते. पवनार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विनोबांचा आश्रम उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु १९३८ साली विनोबा येथे राहावयास आल्यानंतर जमीन खणताना जी जुनी शिल्पे मिळाली, त्यांनी या गावाचे नाते दीड हजार वर्षांमागील एका राजघराण्याशी जोडले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या शिल्पांत रामकथेतील प्रसंग ओळखले आणि वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याने वसविलेली प्रवरपूर ही राजधानी म्हणजेच पवनार, असे मत मांडले. पुढे १९६७ साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खनन केले. रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननानंतर काही अभ्यासक प्रवरपूर तेथे असावे असे म्हणू लागले आहेत. हा वाद अद्याप मिटलेला नाही. पण प्रवरपूर कोठेही असो, ते वसविणाऱ्या राजाला गादी मिळेपर्यंत ती राखली एका स्त्रीने. ती त्याची आई, प्रभावतीगुप्ता.

प्रभावती ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नागकुळातील राणी कुबेरनागा यांची कन्या. तिचा विवाह विदर्भातील वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी झाला. हा विवाह दोन घराण्यांतील राजकारणाचा भाग होता, यात शंका नाही. गुप्तांना पश्चिमेकडील क्षत्रपांशी झुंजावयाचे होते आणि दक्षिणेच्या वाटेवर वाकाटकांचे राज्य होते. मुलीच्या लग्नाने मैत्री पक्की करण्याची ही रीत आपल्या इतिहासात नवी नाही. अशा लग्नातील मुलीचे नाव इतिहास सहसा विसरतो. प्रभावतीचे नाव मात्र राहिले.

कारण लग्नानंतर थोड्याच वर्षांत, चौथ्या शतकाच्या अखेरीस, रुद्रसेन वारला. मुले लहान होती. थोरला दिवाकरसेन युवराज म्हणून ओळखला जाऊ लागला आणि राज्याचा कारभार प्रभावतीने हाती घेतला. हा कारभार वर्षा-दोन वर्षांचा नव्हता. पुण्यात सापडलेल्या तिच्या ताम्रपटावर तेराव्या वर्षाची नोंद आहे. म्हणजे निदान तेरा वर्षे विदर्भाची सूत्रे तिच्याकडे होती. त्या काळी राजधानी होती नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन.

हा ताम्रपट बारकाईने पाहण्यासारखा आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीला तिने दंगुण नावाचे गाव एका आचार्याला दान दिले, अशी त्यात नोंद आहे. मिराशींनी या दानाचा प्रदेश हिंगणघाटच्या बाजूस दाखविला आहे. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. दानपत्र काढणे हे राजसत्तेचे काम. गावाच्या सीमा ठरवावयाच्या, कोणते कर माफ ते सांगावयाचे आणि अधिकाऱ्यांना आज्ञा द्यावयाची. ही आज्ञा तिने पित्याच्या वा पुत्राच्या नावे काढलेली नाही, स्वतःच्या नावे काढली आहे. त्यात वंशावळ येते ती सासरची नव्हे, माहेरची. गोत्रही ती वाकाटकांचे विष्णुवृद्ध न सांगता गुप्तांचे धारण गोत्र सांगते. त्याच वेळी ती स्वतःला वाकाटकांची पट्टराणी आणि युवराजाची माता म्हणवते. लग्नानंतर स्त्रीचे गोत्र बदलते असे मानणाऱ्या समाजात एका राज्यकर्त्या स्त्रीने अधिकृत लेखात अशी ओळख द्यावी, ही गोष्ट लहान नाही.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. जुन्या पिढीतील बऱ्याच इतिहासकारांनी या सर्वाचा अर्थ असा लावला की खरे राज्य चंद्रगुप्ताचे होते. पाटलिपुत्राहून अधिकारी आले आणि त्यांनी लेकीच्या आडून कारभार चालविला. या मताला आधार नाही असे नाही. ताम्रपटातील गुप्तांची वंशावळ आणि वाकाटकांच्या नेहमीच्या पेटिकाशीर्षक लिपीहून वेगळे असलेले त्याचे अक्षरवळण, या दोन्ही गोष्टी उत्तरेकडील प्रभाव दाखवितात. पण बलाढ्य शेजाऱ्याचा आधार घेणारे पुरुष राजे इतिहासात शेकडो आहेत; त्यांचे राज्य दुसऱ्यानेच केले, असे आपण एवढ्या सहज म्हणतो काय?

शिवाय पुढचा पुरावा वेगळेच सांगतो. दिवाकरसेनानंतर तिचे दुसरे पुत्र गादीवर आले आणि अखेर प्रवरसेन राजा झाला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या ताम्रपटावर प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाची नोंद आहे. त्या वेळी मुलगा चांगला कर्तासवरता होता आणि चंद्रगुप्ताचा काळ संपलेला होता. तरीही रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामींच्या चरणी बसून प्रभावती स्वतःच्या नावे भूमिदान देते. पित्याची छाया उरली नाही, पुत्राच्या लहानपणाचे निमित्त उरले नाही, तरी तिचा अधिकार राहिलाच. अलीकडे नगरधनच्या उत्खननात शंखाचे चिन्ह आणि तिचे नाव असलेली मातीची मुद्रा मिळाली. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातील शिलालेखात तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देवाचा उल्लेख अभ्यासकांनी वाचला आहे. प्रवरसेन विद्याप्रेमी निघाला. सेतुबंध हे प्राकृत महाकाव्य त्याच्या नावावर आहे. त्या काव्याचा विषयही रामकथाच. विष्णुभक्त आईचा संस्कार त्यात पाहावयास हरकत नसावी.

अर्थात तिला आजच्या मापाने मोजून देव्हाऱ्यात बसविणेही बरोबर नाही. ती राज्य करू शकली, कारण घरात कर्ता पुरुष उरला नव्हता. सत्ता तिला मिळाली ती राजकन्या आणि राजपत्नी म्हणून. दान दिलेल्या गावातील कुणबिणीला किंवा मजुरणीला कोणी काही विचारले असेल, असे ताम्रपट सांगत नाही. स्त्रीने राज्य केले म्हणून स्त्रियांचे राज्य आले, असे होत नाही.

तो फरक पडावयास फार काळ जावा लागला. १९३७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत अनसूयाबाई काळे उपाध्यक्ष झाल्या, तेव्हा जन्माने नव्हे तर मताने मिळालेल्या अधिकाराचे दार आपल्या भागात उघडले. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेले. आता सरपंच होण्यासाठी राजकन्या असावे लागत नाही. पण गावात बाई निवडून आली की चावडीवर पहिला प्रश्न निघतो तो हाच की कारभार पाहतो कोण, नवरा की सासरा? कित्येकदा उत्तर खरोखरच तसे असते. पण बाईने स्वतः ठराव मांडला, ग्रामसभा चालविली, रस्त्याचा हिशेब तपासला, तरी प्रश्न तोच राहतो.

प्रभावतीच्या बाबतीत विद्वानांनी विचारलेला प्रश्नही याच जातीचा होता. त्याचे उत्तर तिने वाद घालून दिलेले नाही. तिने आज्ञा काढल्या, सीमा आखल्या आणि तांब्यावर स्वतःचे नाव कोरविले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते नाव वाचताना त्यामागे दुसरा कोणी शोधण्याआधी ते जसे लिहिले आहे तसे वाचावे. आणि आपल्या गावच्या ग्रामपंचायतीच्या ठरावावर एखाद्या बाईची सही दिसली, तर तीही तशीच वाचावी.