ग्रूमिंग सलूनवाले कुत्र्याचं लसीचं कार्ड का मागतात? उत्तर आहे लुई पाश्चर यांच्या आयुष्यात

कुत्र्याला पहिल्यांदा ग्रूमिंगला नेलं की केस किती कापायचे हे विचारण्याआधी सलूनवाले लसीचं कार्ड मागतात. रेबीजच्या लसीची तारीख उलटून गेली असेल, तर नीट चालणारं सलून कुत्र्याला आत घेत नाही. अनेकांना हा उगाचचा ताप वाटतो. पण या नियमामागे एका माणसाची अर्धवट राहिलेली कल्पना आहे. तो माणूस म्हणजे लुई पाश्चर.

लोहाराच्या दारातली गर्दी

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, पूर्व फ्रान्समधल्या डोल गावातला. वडील कातडी कमावायचे. पुढे कुटुंब आर्बुआ या गावी राहायला गेलं. लुई आठ-नऊ वर्षांचा असताना त्या भागात एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. तेव्हा उपाय एकच होता. लोहाराकडे जायचं आणि जखमेवर तापलेल्या लोखंडाचा डाग घ्यायचा. एवढं सोसूनही काही माणसं दगावली.

मोठेपणी पाश्चर रसायनशास्त्रज्ञ झाले. डॉक्टर ते कधीच नव्हते. वाइन का नासते याचा शोध घेताना ते सूक्ष्मजीवांपर्यंत पोहोचले. आजही दुधाच्या पिशवीवर त्यांच्या नावावरून आलेला 'पाश्चराइज्ड' हा शब्द असतो.

घरात मात्र दुःखच दुःख होतं. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यातल्या दोघी टायफॉइडने. १८६८ मध्ये, पंचेचाळिशीत, पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. त्यांचं लसींवरचं सगळं काम यानंतरचं आहे.

आधी कुत्र्यांचा विचार

कोंबड्यांचा कॉलरा आणि मेंढ्यांचा अँथ्रॅक्स यांवर जंतू कमजोर करून लस बनवता येते, हे त्यांनी दाखवलं. १८८० पासून त्यांनी रेबीज हाती घेतला. अडचण अशी की रेबीजचा विषाणू तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नव्हता. मग त्यांनी आणि सहकारी एमिल रू यांनी सशांचा आधार घेतला. रेबीज झालेल्या सशाचा मज्जारज्जू काचेच्या बाटलीत कोरड्या हवेत टांगून ठेवला की दिवसागणिक त्याचा जोर कमी होतो आणि साधारण दोन आठवड्यांत तो निरुपद्रवी होतो, हे त्यांना दिसलं.

ही लस आधी दिली गेली कुत्र्यांना. माणसाला रेबीज बहुतेक वेळा कुत्र्याकडूनच होतो, मग कुत्र्यांनाच वाचवलं तर? १८८४ मध्ये सरकारी समितीने हे प्रयोग तपासले. पण देशभरातल्या कुत्र्यांना पुरेल एवढी लस सशांपासून बनवणं अशक्य होतं. म्हणून पाश्चर चावा बसलेल्या माणसांकडे वळले. चावल्यावर लक्षणं दिसायला बहुधा काही आठवडे लागतात. तेवढ्या वेळात लस काम करेल, असा त्यांचा हिशेब होता.

जोसेफ

६ जुलै १८८५ ला अल्सास प्रांतातून एक आई नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला घेऊन पॅरिसला आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला दोन दिवसांपूर्वी ठिकठिकाणी चावे घेतले होते. लस चुकली तर मुलगा लसीनेच मरण्याची भीती होती आणि दिली नाही तर रेबीजने. रू यांना ही घाई पटली नव्हती. पाश्चर यांना स्वतः सुई टोचण्याचा परवानाही नव्हता, म्हणून डॉ. ग्रँशे यांनी ती टोचली. १३ इंजेक्शनं झाली आणि जोसेफ जगला.

पाश्चर यांच्या वह्या अभ्यासकांच्या हाती बऱ्याच उशिरा आल्या. जोसेफला दिलेली नेमकी पद्धत कुत्र्यांवर तोवर पुरेशी सिद्ध झालेली नव्हती, हे त्यातून समोर आलं. आजच्या नियमांत हे बसलं नसतं. पण पुढच्या वर्षीच रशियातून आलेल्या, पिसाळलेल्या लांडग्याने चावलेल्या १९ जणांपैकी १६ जण या उपचारांनंतर वाचले.

१८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. भारतात १९०० मध्ये कसौलीला अशी संस्था उभी राहिली. आजी-आजोबांच्या आठवणीतली ती पोटातली इंजेक्शनं याच लसीच्या वंशातली. २८ सप्टेंबर १८९५ ला पाश्चर गेले. हाच दिवस जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

सलूनमध्ये याचा काय संबंध?

लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीच कुत्र्याच्या लाळेत विषाणू येऊ शकतो. म्हणजे वरून ठणठणीत दिसणारा कुत्राही धोक्याचा असू शकतो. ग्रूमर तर त्याचं तोंड धरतो, नखं कापतो. घाबरलेला कुत्रा चावू शकतो. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजमधून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. कार्डावर पार्व्हो, डिस्टेंपर आणि केनेल कफ यांच्या लसीही पाहतात, कारण हे आजार एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात.

पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. पुढचे डोस पशुवैद्य सांगतील तसे. आणि कुत्रा चावलाच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. पाश्चर यांना तेव्हा जे परवडलं नाही, ते आज दवाखान्यातल्या एका सुईत होतं. पुढच्या वेळी सलूनला निघताना कार्ड सोबत घ्या.