रविवारची सुटी आली कोठून?

रविवार उजाडला म्हणजे कचेरीतील कारकुनास विश्रांती मिळते, शाळेतील मुलास खेळावयास सापडते, आणि हे सारे सृष्टिक्रमानेच चालत आले आहे असे आपणां सर्वांस वाटू लागते. सरकारी कचेऱ्यांस हा दिवस इंग्रज राज्यकर्त्यांच्या धर्मामुळे आयता मिळाला, हे खरे. परंतु मुंबईच्या गिरणीत यंत्रापुढे उभा राहणाऱ्या कामकऱ्यास तो आयता मिळाला नाही. त्याने तो सह्या करून, सभा भरवून, मागून घेतला. आणि त्या मागणीस वाचा फोडणारा पुरुष म्हणजे कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे. हे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. त्यांनी नेमके काय मागितले आणि त्यांपैकी काय केव्हा पदरात पडले, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे. तो हिशेब आज मांडण्याचा आमचा विचार आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास एका गरीब माळी कुटुंबात झाला. शिक्षण बेताचेच झाले. रेल्वेत व टपालखात्यात काही काळ चाकरी केल्यावर ते मुंबईस मांडवी येथील एका कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत अनुयायी होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास काढलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० पासून लोखंडे यांनी मुंबईहून चालविले. याप्रमाणे गिरणीच्या आत काय चालते हे पाहणारे डोळे आणि ते बाहेर सांगणारी लेखणी, ही दोन्ही एकाच मनुष्याच्या ठायी आली.

आत काय चालत होते? गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्र चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही मोठे. रविवारी यंत्रे पुसण्यासाठी पुन्हा हजेरी लावावी लागे. एका महिन्याचा पगार दुसरा महिना बराच लोटल्यावर हाती येई, आणि तोपर्यंत चूल पेटे ती वाण्याच्या उधारीवर. १८८१ सालच्या फॅक्टरी ॲक्टाने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी केली व बारा वर्षांखालील मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली. वयात आलेल्या स्त्रीपुरुषांच्या तासांविषयी मात्र त्यात एक अक्षरही नव्हते.

१८८४ साली मुंबई सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात लोखंडे यांनी परळास कामकऱ्यांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात मागण्या पाच होत्या. दर रविवारी पुरी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, व कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद व्हावी. यांत कोठे अतिरेक दिसतो काय? माणसास माणसाप्रमाणे जगू द्यावे, याहून अधिक त्यात काहीच नव्हते.

येथे आम्हां राष्ट्रीय म्हणविणाऱ्यांस एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. त्या काळच्या देशी पत्रांपैकी पुष्कळांनी फॅक्टरीच्या कायद्यास विरोध केला. लँकेशायरचे गिरणीवाले स्वार्थापोटी या कायद्याचा आग्रह धरीत आहेत आणि हिंदुस्थानचा बाल उद्योग मारणे हा त्यांचा हेतू आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो संशय निराधार नव्हता. परंतु कायदा मागणाऱ्याचा हेतू कुटिल असला म्हणून कामकऱ्याची थकलेली कंबर खोटी ठरत नाही. वादी लबाड असला तरी साक्षीदाराच्या अंगावरील वळ न्यायाधीशास पाहावेच लागतात. लोखंडे यांनी ते पाहिले. आमच्या पूर्वसूरींपैकी अनेकांनी डोळे मिटून घेतले. स्वदेशी मालकाने घेतलेला घाम विदेशी मालकाने घेतलेल्या घामाहून कमी खारट नसतो.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामकरी जमले. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने किती धैर्याची होती हे वाचकांनीच मनात आणावे. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच साली नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंडे यांस सहभाग मिळाला, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी व दुपारचा अर्धा तास ही दोन्ही पक्की झाली. मालकांच्या ठरावावर लोखंडे थांबले नाहीत, यात आम्हांस त्यांची खरी दूरदृष्टी दिसते. ठराव ही मालकाची कृपा असते. ती आज होते, उद्या मोडते. कायदा झाला म्हणजे तिचा हक्क होतो.

उरलेल्या तीन मागण्यांचे काय झाले? पुरुष कामकऱ्यांच्या तासांस मर्यादा आली ती १९११ साली, आणि तीही बारा तासांची. इजेच्या भरपाईचा कायदा झाला १९२३ साली. वेळेवर पगार देण्याचा कायदा झाला १९३६ साली. म्हणजे एवढ्या साध्या न्यायास ५२ वर्षे लागली. लोखंडे यांस यांपैकी काहीच पाहावयास मिळाले नाही. १८९३ च्या दंग्यात हिंदु-मुसलमानांत सलोखा करण्यासाठी ते झटले. मुंबईस प्लेग आला तेव्हा रोग्यांच्या शुश्रूषेत राहिले, आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, पन्नाशीही न गाठता, वारले.

त्यांच्या कार्यात उणे नव्हते असे नाही. त्यांच्या गिरणी-कामकऱ्यांच्या सभेस ना वर्गणीचा निधी होता, ना सभासदांचे पुस्तक, ना घटना. म्हणून कर्ता पुरुष जाताच संस्थाही गेली. त्यापासून घ्यावयाचा बोध हा की, एका मनुष्याच्या कळकळीवर उभा असलेला हक्क फार दिवस टिकत नाही. त्यास संघटनेची भिंत लागते.

आणि आजची स्थिती? ज्या गिरण्यांच्या धुराने परळचे आकाश काळे होई, त्या बहुतेक बंद पडल्या. त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांच्या दारावरील पहारेकरी, झाडणारी बाई, घरोघर माल पोचविणारा तरुण, यांचा मालक कोण हे त्यांस स्वतःसही धड सांगता येत नाही. मध्ये कंत्राटदार उभा असतो. वर्षात २४० दिवस भरले म्हणजे कायद्याने नोकरीस काही संरक्षण मिळते, म्हणून ते भरण्याआधीच मध्ये खंड दाखविण्याची युक्ती वकिलीच्या धंद्यात आम्ही पुष्कळ पाहिली आहे. रोजंदारीच्या मनुष्यास रविवार म्हणजे बहुधा सुटी नव्हे, बुडालेला रोज होय. लोखंडे यांच्या पाचही मागण्या कायद्याच्या पुस्तकात आल्या. परंतु ज्याची नोकरीच उद्या राहील की नाही याची शाश्वती नाही, तो त्या पुस्तकाकडे बोट कोणत्या हिमतीने दाखविणार?

आमच्या व्यापारी वाचकांस शेवटी एकच विचारावयाचे आहे. हुंडीची मुदत भरली आणि पैसे दिले नाहीत, तर पेढीची पत जाते, हे आपण जाणता. मजुराचा महिना भरला म्हणजे तीही एक मुदत भरलेली हुंडीच होय. आणि ती कंत्राटदाराच्या नावे लिहिली म्हणून मूळ देणेकऱ्याची जबाबदारी नीतीच्या दरबारात सुटत नाही. आपल्या दुकानात, गोदामात, बांधकामावर जे हात राबतात, त्यांची नावे आपल्या वहीत आहेत काय, एवढे येत्या रविवारी स्वस्थ बसून पाहावे. तो रविवार कोणी मिळविला, हे आता आपणांस ठाऊक आहे.