मुलकोवालची बाटली आणि हाफकिन

मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगचे जिवाणू वाढवून, उष्णतेने मारून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. मेलेला जिवाणू रोग देत नाही. शरीराला ओळख मात्र देतो.

१९०२मध्ये पंजाबात मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण दगावले. प्लेगने नव्हे, धनुर्वाताने! हा जिवाणू एरवी मातीत, शेणात निमूट पडून असतो. प्राणवायू न पोहोचणाऱ्या जागी, म्हणजे खोल जखमेत किंवा बंद बाटलीत, तो वाढतो आणि विष तयार करतो. घात त्या विषाचा. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक केला नव्हता.

ठपका मात्र हाफकिन यांच्यावर आला. १९०७मध्ये ते निर्दोष ठरले, पण नेमणूक मिळाली कलकत्त्यात. परळच्या संस्थेला त्यांचे नाव लागले १९२५मध्ये.