काटकसरी गृहिणी : लिडिया मराया चाइल्ड

पैशांची चणचण कधींच जाणवली नाहीं असें घर आमच्या वाचकांपैकीं थोड्यांचेंच असेल. महिना सरत येतो, डब्यांचे तळ दिसूं लागतात, वाण्याची उधारी वाढते आणि घरांतील कर्त्या बाईचा चेहरा उतरतो. हें दृश्य आम्हां सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु थोर व्यक्तींच्या चरित्रांत त्याला सहसा जागा मिळत नाहीं. सेनापतींच्या लढाया आणि मुत्सद्द्यांचीं भाषणें त्यांत सविस्तर येतात; त्या दिवशीं त्यांच्या घरीं चूल कशी पेटली याची विचारपूस कोणी करीत नाहीं. म्हणून जिनें चुलीचा हिशेब स्वतः लिहून ठेवला आणि तो लिहितांना यत्किंचितही लाज बाळगली नाहीं, अशा एका अमेरिकन विदुषीचें चरित्र आम्ही यंदाच्या अंकासाठीं निवडलें आहे.

लिडिया फ्रॅन्सिस हिचा जन्म ११ फेब्रुवारी १८०२ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत, बॉस्टन शहराजवळच्या मेडफर्ड गांवीं झाला. (अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, ते याच प्रांतांतून चालणाऱ्या संस्थेनें धाडलेले होते. त्या वेळीं ही मुलगी अकरा वर्षांची होती.) वडिलांची पावाची भट्टी होती, आणि त्यांचीं कडक बिस्किटें त्या भागांत चांगलीं नांवाजलेलीं होतीं. लिडिया बारा वर्षांची असतांना तिची आई वारली. पुढें तिला मेन प्रांतांत थोरल्या विवाहित बहिणीकडे पाठविण्यांत आलें. थोरला भाऊ कॉन्व्हर्स हार्वर्डच्या महाविद्यालयांत शिकला व धर्मोपदेशक झाला. बहिणीला मात्र गांवच्या शाळेवर आणि भावाच्या पुस्तकांवर भागवावें लागलें. तेवढ्या शिदोरीवर तिनें शाळा चालविली, १८२४ सालीं आपली पहिली कादंबरी प्रसिद्ध केली, आणि १८२६ पासून मुलांसाठीं एक नियतकालिक काढलें. वयाच्या पंचविशीपूर्वींच तिचें नांव घरोघर पोहोंचलें होतें.

ऑक्टोबर १८२८ मध्यें तिचा विवाह डेव्हिड ली चाइल्ड यांच्याशीं झाला. हे गृहस्थ वकील होते आणि बॉस्टनमध्यें एक वर्तमानपत्रही चालवीत. मनानें उदार, बुद्धीनें तल्लख, आणि जमाखर्चाच्या बाबतींत पुरते आंधळे! पत्रांतून त्यांनीं बड्या लोकांवर टीका केली व अब्रुनुकसानीचे खटले ओढवून घेतले. कर्ज फिटेना आणि पत्रही पैसा देईना. लग्नाच्या पहिल्या वर्षींच चाइल्डबाईंच्या ध्यानांत आलें कीं, या घराची रोजची भाकरी आपल्या लेखणीनें व आपल्या हातांनींच मिळवावी लागणार.

अशा वेळीं दुसऱ्या एखादीनें दारिद्र्य झांकण्याची धडपड केली असती. बाईंनीं तेंच दारिद्र्य पुस्तकाचा विषय केलें. १८२९ सालीं त्यांचें ‘द फ्रूगल हाउसवाइफ’, म्हणजे ‘काटकसरी गृहिणी’, हें पुस्तक बॉस्टनमध्यें निघालें. श्रीमंतांच्या मुदपाकखान्यांसाठीं लिहिलेलीं पुस्तकें बाजारांत होतीं. ज्या घरीं मोलकरीण नाहीं, मिळकत तुटपुंजी आहे आणि खाणारीं तोंडें पुष्कळ आहेत, त्या घरच्या बाईशीं सरळ बोलणारें पुस्तक मात्र दुर्मिळ होतें. काटकसरीची ज्यांना लाज वाटत नाहीं अशांनाच बाईंनीं आपलें पुस्तक अर्पण केलें. ही अर्पणपत्रिका आम्हांस फार धीट वाटते.

पुस्तकांत काय आहे हें थोडें विस्तारानें सांगावयास हवें, कारण बाईंचा स्वभाव त्यांत उतरला आहे. उरलेंसुरलें गोळा करून कामीं लावणें यालाच त्या काटकसर म्हणत, आणि त्या उरल्यासुरल्यांत रिकाम्या घटकाही धरीत. पावाचे तुकडे शक्य तों वाळून कडक होण्यापूर्वींच खाऊन संपवावे. तरीही उरलेच तर नीट पसरून वाळवावे, म्हणजे कुटून खिरीसारख्या गोड पदार्थांत घालतां येतात. (आमच्याकडील आजीबाई शिळी भाकरी कुस्करून फोडणीस टाकीत, त्यांना ही युक्ति निराळी वाटली नसती.) डुकरांसाठीं ठेवलेल्या खरकट्याच्या बादलींत मालकिणीनें अधूनमधून स्वतः डोकावावें. चरबीच्या भांड्यांत जावयाचें तें तेथें पडलें नाहीं ना, हें पाहावें. मग चरबीच्या भांड्यांतही डोकावावें. घरच्यांच्या किंवा एखाद्या अधिक गरीब कुटुंबाच्या पोटांत जाण्याजोगें कांहीं त्यांत वायां चाललें नाहीं ना, याची खात्री करावी. खारविलेलें मांस खाऱ्या पाण्याखालीं बुडालेलें आहे कीं नाहीं, मुरंब्यावर बुरशी धरूं लागली आहे काय, लोणचें मऊ पडलें काय, ही फेरी नित्याची. अंडीं स्वस्त असतील तेव्हां घेऊन ठेवावींत. बादलीभर पाण्यांत एक पाइंट जाडें मीठ व एक पाइंट कळीचा चुना घालून तयार केलेल्या पाण्यांत तीं फार दिवस टिकतात. मात्र त्यांत एकही अंडें तडकलेलें असतां कामा नये, नाहीं तर सगळींच नासतात.

पावाविषयींचा त्यांचा सल्ला आम्हांस मोठा गमतीचा वाटला. भट्टीवाल्याकडून पाव घेणें घरीं भाजण्याइतकेंच स्वस्त पडतें असें कित्येकांस वाटे. बाई बजावतात कीं, तें निम्म्यानेंही स्वस्त पडत नाहीं! भट्टीवाल्याच्या कन्येनेंच हें सांगितलें, तेव्हां त्यावर कोण वाद घालणार? कॉफीच्या बाबतींतही त्या अशाच रोखठोक आहेत. वाटाणे किंवा पावाचे करपवलेले कडे घालून कॉफी वाढविण्याच्या युक्त्या त्या नोंदवितात, आणि लगेच सांगून टाकतात कीं, खरी बचत हवी असेल तर कॉफी न पिणें उत्तम. मुलें लिहावयास शिकत असतील तर जाडाभरडा कागद घाऊक आणून वह्या घरींच शिवाव्या आणि जुन्या पत्रांच्या कोऱ्या बाजू लिहिण्यास वापराव्या, हा उपदेश तर विद्यार्थ्यांनींही ध्यानांत घेण्यासारखा आहे. पुस्तकांतील सर्वच कृती आमच्या वाचकांच्या घरीं चालतील असें नाहीं. डुकराचें डोकें आणि वासराचे पाय यांच्यावर बाईंनीं बराच मजकूर खर्ची घातला आहे. तथापि, मक्याचें पीठ आणि काकवी यांचा सावकाश शिजविलेला गोड पदार्थ, किंवा रात्रीं भिजत घालून मंद आंचेवर शिजविलेला घेवडा, यांत मागें राहिलेलें तत्त्व कोणाही गृहिणीला उमजेल : वस्तु हलकी असेल तर तिला वेळ भरपूर द्यावा.

या पुस्तकाच्या शेवटीं शेवटीं दारिद्र्य कसें सोसावें यावर एक प्रकरण आहे. पाककृतींच्या ग्रंथांत असलें प्रकरण पाहून वाचक थबकतो. कर्ज काढून दिवाणखाना सजविणाऱ्या आणि मग तोंड लपविणाऱ्या कुटुंबांविषयीं बाई तेथें कळकळीनें लिहितात. त्यांच्या सांगण्याचा इत्यर्थ आमच्या समजुतीप्रमाणें असा : थोड्या अन्नानें माणूस सहसा खचत नाहीं, आपलें थोडें आहे हें शेजाऱ्याला दिसेल या धास्तीनें तो खचतो. ज्या घरानें ती धास्ती सोडली, त्या घरांत बाजरहाटाचा हिशेब हा एक साधा हिशेब होऊन बसतो. त्यांत कमीपणा उरत नाहीं. मुलींना लहानपणापासून कामाची संवय लावावी हा आग्रह त्यांनीं याच पोटीं धरला. मुलींना म्हणण्याऐवजीं त्यांनीं मुलांनाही म्हणावयास हवें होतें, असें आमचें मत आहे. डेव्हिड चाइल्ड यांना कोणी लहानपणीं जमाखर्च शिकविला असता तर बाईंचे पुढील कष्ट बरेच वांचले असते.

नाजूक अभिरुचीच्या कांहीं टीकाकारांनीं या पुस्तकाची टर उडविली. गृहिणींनीं मात्र तें डोक्यावर घेतलें. त्याच नांवाचें एक इंग्लंडांतील पुस्तक प्रचारांत असल्यामुळें १८३२ पासून त्याच्या नांवांत ‘अमेरिकन’ हा शब्द जोडण्यांत आला, आणि १८५० पर्यंत त्याच्या तीसांहून अधिक आवृत्त्या निघाल्या. घरांत प्रथमच थोडी उसंत मिळाली.

ती फार दिवस टिकली नाहीं, आणि ती बाईंनीं समजून उमजून गमावली. १८३३ सालीं त्यांनीं गुलामगिरीविरुद्ध एक ग्रंथ प्रसिद्ध केला. काळ्या लोकांना तत्काळ मुक्त करावें आणि त्यांना समान हक्क द्यावे, एवढेंच सांगून त्या थांबल्या नाहींत. उत्तरेकडील गोऱ्यांच्या मनांतील तिरस्काराचेंही त्यांनीं माप त्यांच्या पदरांत घातलें. परिणाम भयंकर झाला. बॉस्टनच्या एका प्रतिष्ठित ग्रंथालयानें त्यांना दिलेली मोफत वाचनाची सवलत काढून घेतली. मुलांच्या नियतकालिकाचे वर्गणीदार पटापट गळाले व १८३४ मध्यें बाईंना त्याचें संपादकत्व सोडावें लागलें. इतर पुस्तकांचाही खप बसला. आपल्या मताची किंमत काय पडेल हें त्यांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु ज्या बाईला थोडक्यांत राहतां येतें, तिला मिळकतीची धमकी देऊन गप्प बसवितां येत नाहीं, हें तिच्या विरोधकांच्या लक्षांत आलें नसावें.

यापुढें बीटच्या साखरेचें प्रकरण घडलें. दक्षिणेकडील उंसाची साखर गुलामांच्या घामावर तयार होई. बीटपासून साखर काढली तर गृहिणीला ती निष्पाप मनानें विकत घेतां येईल, अशी डेव्हिड यांची कल्पना. ते त्यासाठीं युरोपांत शिकून आले, आणि १८३८ सालीं दांपत्य नॉर्थॅम्प्टन गांवीं शेतीवर गेलें. साखर झाली, तिची वाखाणणीही झाली. पैसा मात्र झाला नाहीं. येथल्या वर्षांत बाई थकल्या. दिवसभर रांधणें, धुणें, घासणें यांत लेखणी बाजूस पडली, आणि त्यांच्या या काळांतील पत्रांवर उदासीची छाया आहे. ती छाया आम्ही झांकूं इच्छित नाहीं. काटकसरीचा ग्रंथ लिहिणारीलाही तिच्या भाराखालीं वाकावें लागलें. १८४१ मध्यें त्या एकट्या न्यूयॉर्कला गेल्या आणि गुलामगिरीविरोधी एका साप्ताहिकाचें संपादन करूं लागल्या. १८४३ सालीं त्यांनीं आपला पैसाअडका पतीच्या व्यवहारापासून कायमचा वेगळा केला. त्या काळीं स्त्रीनें असें करणें धाडसाचें होतें. स्नेह तोडला नाहीं, पुढें दोघें पुन्हां एकत्र नांदलीं. पण वाण्याचे पैसे आतां कोणाच्या स्वप्नापायीं बुडणार नव्हते. याच सुमारास, १८४४ मध्यें, आजोबांच्या घरीं सणाच्या मेजवानीस निघालेल्या मुलांवर त्यांनीं एक गाणें लिहिलें. अमेरिकेंतील मुलें तें अद्याप गातात, आणि त्या भरल्या ताटाची कवयित्री कोण हें त्यांतील पुष्कळांस ठाऊकही नसतें.

उत्तरायुष्य वेलंड गांवीं एका लहानशा घरांत गेलें. तेथें त्यांनीं वृद्ध पित्याची १८५६ पर्यंत, म्हणजे तो वारेपर्यंत, सेवा केली. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें होतें त्या काळांतील, १८६४ सालची, त्यांची एक नोंद उपलब्ध आहे. वर्षभरांत आपण काय केलें त्याचा तो आढावा. बाईंचें वय तेव्हां बासष्ट. २३५ पत्रें लिहिलीं, वर्तमानपत्रांसाठीं ६ लेख लिहिले, मृत्युपत्र केलें, मुक्त झालेल्या स्त्रियांसाठीं सुया ठेवण्याचीं २५ पुडकीं शिवलीं, जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठीं मोजे विणले, लोणचें घातलें, ७० जोड मोजे रफू केले, ३६२ वेळां न्याहारी व ३६० वेळां जेवण रांधलें, बैठकीची खोली व स्वयंपाकघर ३५० वेळां झाडलें, ३६२ वेळां दिव्यांत तेल भरलें. शिवाय किरकोळ कामें, तीं मोजलीं नाहींत! ग्रंथकर्तीनें पत्रें आणि लेख मोजावे हें ठीकच. परंतु त्याच यादींत, त्याच शाईनें, तीनशें साठ जेवणेंही मांडलीं आहेत. घरोघरच्या माउल्यांनीं रांधलेलीं जेवणें आजवर कोणी मोजलीं आहेत काय?

१८६५ सालीं मुक्त झालेल्या काळ्या लोकांना वाचावयास मिळावें म्हणून त्यांनीं एक वाचनमाला तयार केली. १८७४ सालीं डेव्हिड वारले. २० ऑक्टोबर १८८० रोजीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, वेलंड येथें बाईंचें देहावसान झालें. अंत्यविधीच्या वेळीं त्यांचे जुने सहकारी, प्रसिद्ध वक्ते वेंडेल फिलिप्स यांनीं एक आठवण सांगितली. बाईंनीं एकदां मुक्त गुलामांच्या मदतीसाठीं शंभर डॉलर देऊं केले. त्यांची ओढगस्त ठाऊक असल्यानें, एवढी रक्कम आपणांस झेपणार नाहीं, फिरून विचार करावा, असें फिलिप्स यांनीं त्यांना सुचविलें. बाईंनीं फिरून विचार केला, आणि दोनशें डॉलर द्यावे असें कळविलें.