राजगडावरची वालिदा

रमजानचा दहावा रोजा हजरत खदीजा यांच्या आठवणीचा. स्वतःचा व्यापार सांभाळणाऱ्या आणि हलाखीच्या वर्षांत पैगंबरसाहेबांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या या माऊलीविषयी या दिवसांत घराघरांत बोलले जाते. कामथडीच्या आमच्या पंचक्रोशीत त्यांच्या सब्राची गोष्ट निघाली की मला इथल्याच डोंगरांत राहून गेलेली आणखी एक आई आठवते. ती म्हणजे राजमाता जिजाऊ.

१२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवरावांच्या घरी त्यांचा जन्म झाला. लग्न होऊन त्या वेरूळच्या भोसल्यांकडे आल्या. सासरे मालोजीराजे यांची अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावर श्रद्धा होती. म्हणून त्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, असे सांगितले जाते. जिजाऊंच्या कुंकवाच्या धन्याचे नावच असे एका पीराच्या आशीर्वादाचे.

पुढचे आयुष्य मात्र सुखाचे नव्हते. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेत, निजामशाहीच्या भर दरबारात, त्यांचे वडील आणि भाऊ मारले गेले. माहेरचा आधार एका दिवसात तुटला. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला.

१६३६ मध्ये निजामशाही संपली. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले. थोरला मुलगा संभाजी वडिलांजवळ राहिला आणि धाकट्याला घेऊन जिजाऊ पुणे जहागिरीत आल्या. पुणे तेव्हा आदिलशाही फौजेने बेचिराख केलेले होते. राहायला धड वाडा नव्हता. सुरुवातीचा काही काळ मायलेकरांचा मुक्काम खेड शिवापूरला होता. कमरअली दरवेश बाबांच्या दर्ग्याला जाणाऱ्या वाचकांना हे गाव नवे नाही. तिथून दादोजी कोंडदेवांच्या मदतीने वस्ती बसवण्याचे काम सुरू झाले. पळून गेलेल्या कुळांना परत बोलावले, पडीक रानांत नांगर घातले, सुरुवातीला सारा कमी ठेवला. पुण्यात कसब्याच्या गणपतीचे देऊळ आणि लाल महाल उभा राहिला. नवरा दूर, मूल लहान आणि गाव ओसाड, अशा स्थितीत या बाईने संसार मांडला तो एका मुलुखाचा.

राजगड राजधानी झाल्यावर त्या गडावर आल्या. दुःखे तिथेही पाठोपाठ आली. १६५४ च्या सुमारास थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडला. १६५९ मध्ये सूनबाई सईबाई राजगडावरच वारल्या. त्यांचे बाळ, म्हणजे नातू संभाजीराजे, तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते. आमच्या शेजारच्या कापूरहोळच्या धाराऊंनी त्या लेकराला दूध पाजले आणि आजीने त्याला वाढवले. जानेवारी १६६४ मध्ये शहाजीराजांचे कर्नाटकात शिकारीत घोड्यावरून पडून निधन झाले. जिजाऊ सती जायला निघाल्या. मुलाने विनवण्या केल्या, तेव्हा त्या मागे फिरल्या. हे मागे फिरणे किती मोलाचे होते, ते दोनच वर्षांनी कळले.

५ मार्च १६६६ रोजी शिवाजी महाराज राजगडावरून आग्र्याला निघाले. हिजरी १०७६ चा रमजान तेव्हा नुकताच लागला होता. राज्याचा कारभार त्यांनी आईवर सोपवला. नऊ वर्षांचे संभाजीराजेही बरोबर होते. पुढे आग्र्याहून बातमी आली ती कैदेची. ज्या बाईने बाप, भाऊ, मुलगा, सून आणि नवरा गमावला होता, तिचा उरलेला मुलगा आणि नातू दोघेही बादशहाच्या पहाऱ्यात होते. वय अडुसष्ट. तरीही त्या महिन्यांत गड हातचे गेले नाहीत आणि कारभार विस्कटला नाही. महाराज निसटून परतले, पण नातू मागे मथुरेला ठेवलेला. वैऱ्याला चकवण्यासाठी तो वाटेत वारल्याची आवई उठवली होती. तो सुखरूप गडावर पोहोचेपर्यंत आजीच्या घशाखाली घास कसा उतरला असेल?

सब्र म्हणजे गप्प बसून सोसणे, असे आपण समजतो. अरबीत या शब्दाच्या मुळाशी स्वतःला आवरून, घट्ट धरून ठेवणे आहे. जिजाऊंनी स्वतःला असे धरून ठेवले आणि हातातले कामही सोडले नाही.

त्या वतनांचे तंटे ऐकत, निवाडे देत. त्यांची मुद्रा फारसीत आहे आणि तीत त्यांची ओळख राजा शिवाजी यांची वालिदा अशी आहे. आमच्या घरांत आईविषयी अदबीने बोलताना आजही हाच शब्द येतो. मुलावर त्यांचे संस्कार काय होते, याची साक्ष विरोधकाकडूनही मिळते. महाराजांवर कडक टीका करणाऱ्या खाफीखान या मोगल इतिहासकारानेही लिहून ठेवले आहे की मशिदी, कुराणशरीफ आणि स्त्रिया यांना धक्का लावायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. अशी शिकवण घरातूनच मिळते.

रायगडावरची थंड हवा म्हातारपणी मानवेना, म्हणून महाराजांनी आईसाठी पायथ्याच्या पाचाडला वाडा बांधला. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. तो सोहळा पाहून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊंनी पाचाडला डोळे मिटले. त्यांची समाधी तिथेच आहे.

सहेरीला सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांचे झाल्यावर दोन घास खाणारी बाई आपल्याकडे घरोघरी आहे. जिथे रोजे नसतात त्या घरांतही ती पहाटेच उठते. तिनेही कुणाकुणाला गमावले असेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवली असेल. आज इफ्तारला ताट वाढायला ती उठेल, तेव्हा तिला बसवा. पहिला खजूर तिच्या हातात द्या आणि तिच्या तरुणपणाची गोष्ट विचारा.